यंत्रातला पोटभाडेकरू : मॅकवर विंडोज चालविण्याचा इतिहास



माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या खात्यात, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. अशा माणसाने या व्यासपीठावरून संगणकाच्या प्रोग्रामांचा इतिहास सांगावा, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु ज्याला जिथे बोचते, तिथेच त्याचा अभ्यास सुरू होतो. मला जे बोचले, ते आधी सांगतो.

आमच्या युनियनने २००४ साली सभासदांची नोंदवही संगणकावर उतरविली. नाव, खाते, कामावर लागल्याची तारीख, रजा, दंड, सारे काही त्यात होते. संगणक विंडोजचा होता आणि मराठी अक्षरे युनिकोडपूर्व काळातल्या एका फाँटात होती. तो प्रोग्राम नसेल तर त्या मजकुराऐवजी नुसता चिन्हांचा चिखल दिसतो. २०१२ साली तो संगणक मोडला. त्याच सुमारास एका हितचिंतकाने कचेरीला ॲपलचा मॅक दिला. मॅकवर विंडोजचे प्रोग्राम सरळ चालत नाहीत. एका सभासदाच्या मुलाने त्यावर असा एक प्रोग्राम बसविला, की मॅकच्या पडद्यावर एक चौकट उघडावी आणि त्या चौकटीत संपूर्ण विंडोज नांदावे. नऊ वर्षे काम बिनबोभाट चालले. पुढे काय झाले ते ओघाने येईलच.

असे प्रोग्राम आज पाचसहा आहेत आणि त्यांतला कोणता घ्यावा, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. त्याचे उत्तर बहुधा किंमत आणि वेग यांच्या तक्त्याने दिले जाते. तो तक्ता खोटा नसतो, पण तो एका दिवसाचा असतो. या प्रोग्रामांच्या पायाखालची जमीन आजवर दोनदा पालटली, आणि प्रत्येक वेळी आदल्या दिवशीचे शहाणपणाचे उत्तर दुसऱ्या दिवशी चुकीचे ठरले. म्हणून हा प्रश्न बाजाराइतकाच इतिहासाचाही आहे.

प्रथम मूळ कल्पना पाहू. संगणकात अनेक प्रोग्राम चालतात. प्रोसेसरचा वेळ कोणाला किती द्यावयाचा, स्मृतीची कोणती खोली कोणाला द्यावयाची, हे ठरविणारा एक मुख्य प्रोग्राम असतो. त्याला आज ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. पूर्वी त्याला सुपरवायझर म्हणत. हा शब्द आम्हा कामगारांना समजावून सांगावा लागत नाही. आता एकाच यंत्रावर दोन सुपरवायझर ठेवावयाचे झाले तर भांडण ठरलेले. दोघेही संपूर्ण यंत्र आपलेच समजणार. त्यावर तोडगा असा निघाला, की दोघांच्याही वर एक बसवावा आणि प्रत्येकाला 'सारे यंत्र तुझेच आहे' असा भास करून द्यावा. या वरच्या साहेबाला हायपरवायझर म्हणतात, आणि ज्याला हा भास दिला जातो त्याच्या वाट्याच्या यंत्राला व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी यंत्र.

ही युक्ती मॅकहून जुनी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज गावी आयबीएम कंपनीचे एक शास्त्रीय केंद्र होते. तेथे रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांच्या पुढाकाराने सीपी-४० नावाची व्यवस्था तयार झाली व जानेवारी १९६७ मध्ये ती कामाला लागली. एका यंत्रावर १४ आभासी यंत्रे, आणि प्रत्येकाला २५६ के स्मृती! यंत्र महाग, माणसे पुष्कळ. म्हणून एकाच यंत्रावर अनेकांचे बिऱ्हाड. गिरणगावात एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसांची गोष्ट ज्यांनी ऐकली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. १९७२ साली आयबीएमने हीच कल्पना व्हीएम/३७० या नावाने सर्व गिऱ्हाइकांपुढे ठेवली.

१९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनी या व्यवस्थेचे शास्त्र मांडले. त्यांच्या तीन अटी आजही कसोटीसारख्या वापरल्या जातात. आभासी यंत्रावर प्रोग्राम जसा खऱ्या यंत्रावर चालतो तसाच चालला पाहिजे, ही पहिली. बहुतेक आज्ञा मध्यस्थाशिवाय थेट प्रोसेसरवर चालल्या पाहिजेत, ही दुसरी. आणि साधनसामग्रीवरचा ताबा सर्वस्वी वरच्या साहेबाकडेच राहिला पाहिजे, ही तिसरी. याचा अर्थ असा, की पाहुणा प्रोग्राम जेव्हा एखादी अधिकाराची आज्ञा देईल, तेव्हा प्रोसेसरने त्याला अडवून साहेबाला हाक मारली पाहिजे. हाक न मारता एखादी आज्ञा गुपचूप निसटली, तर सारी व्यवस्था ढासळते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

आता मॅककडे वळू. १९८४ साली निघालेल्या मॅकमध्ये मोटोरोला कंपनीचा ६८००० हा प्रोसेसर होता. विंडोजचे घराणे इंटेलच्या प्रोसेसरवर वाढले. या दोन प्रोसेसरांची भाषाच वेगळी. तेव्हा पोटभाडेकरूला नुसती खोली देऊन भागणार नव्हते. त्याच्या प्रत्येक वाक्यासाठी दुभाष्या हवा होता. आज्ञा वाचावयाची, तिचे भाषांतर करावयाचे, मग ती चालवावयाची. याला एम्युलेशन म्हणतात. पोपेक-गोल्डबर्ग यांची दुसरी अट येथे पाळली जात नाही, म्हणून वेग मार खातो.

इन्सिग्निया कंपनीचा सॉफ्टपीसी १९८८ साली मॅकवर आला, तो या जातीचा. १९९४ साली मॅक पॉवरपीसी या नव्या प्रोसेसरवर गेला, तरी भाषेचा भेद राहिलाच. त्याच वर्षी ॲपलने क्वाड्रा ६१० या मॅकची एक आवृत्ती अशी काढली, की तिच्या पोटात इंटेल घराण्यातला ४८६ प्रोसेसर असलेले वेगळे कार्ड बसविलेले होते. म्हणजे दुभाष्या नको म्हणून दुसरा माणूसच घरात आणून ठेवला! मार्ग भक्कम, पण खर्चाचा. १९९७ साली कनेक्टिक्स कंपनीचा व्हर्च्युअल पीसी आला आणि पॉवरपीसी मॅकवाल्यांना विंडोज म्हटले की तोच आठवू लागला.

त्याचे पुढे काय झाले पाहा. फेब्रुवारी २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो कनेक्टिक्सकडून विकत घेतला. त्याच वर्षी ॲपलने जी-५ प्रोसेसरचा मॅक काढला. इंटेलचे यंत्र आकड्याचे बाइट ज्या उलट क्रमाने ठेवते, त्या क्रमाने काम करण्याची एक सोय आधीच्या पॉवरपीसीत होती. ती जी-५ मध्ये नव्हती आणि व्हर्च्युअल पीसी तर तिच्यावरच उभा होता. परिणामी सर्वांत नवा, सर्वांत महाग मॅक घेणाऱ्यालाच विंडोज मिळेना. पुढच्या वर्षी सातवी आवृत्ती आली तेव्हा ही अडचण दूर झाली, पण तीच शेवटची ठरली. ऑगस्ट २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटेल मॅकसाठी नवी आवृत्ती काढणार नसल्याचे जाहीर केले. ज्या प्रोग्रामवर लोकांनी नऊ वर्षे भिस्त ठेवली, त्याचा वंश तेथे खुंटला.

कारण मधल्या काळात जमीन पहिल्यांदा पालटली होती. ६ जून २००५ रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी मॅक इंटेलच्या प्रोसेसरवर जाणार असल्याचे जाहीर केले, आणि जानेवारी २००६ मध्ये तसे मॅक बाजारात आले. आता घरमालक आणि पोटभाडेकरू एकच भाषा बोलू लागले. दुभाष्याचे काम संपले.

तथापि येथे एक जुनी अडचण होती. इंटेल घराण्याच्या प्रोसेसरात काही आज्ञा अशा होत्या, की त्या अधिकाराच्या असूनही साहेबाला हाक न मारता निसटत. पोपेक-गोल्डबर्ग यांच्या कसोटीला हे घराणे उतरत नव्हते. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने त्यावर उपाय काढला. डायान ग्रीन व मेंडेल रोझेनब्लम हे तिच्या पाच संस्थापकांपैकी. बहुतेक आज्ञा थेट चालू द्यावयाच्या, आणि पाहुण्याच्या गाभ्यातल्या आज्ञा मात्र चालता चालता निर्धोक रूपात पालटून घ्यावयाच्या, अशी ती रीत. पुढे २००५ च्या अखेरीस इंटेलने हाक मारण्याची सोय प्रोसेसरातच दिली. त्यामुळे जे काम पूर्वी मोठ्या कारागिरीचे होते, ते इतरांच्याही आवाक्यात आले.

या दुसऱ्या पर्वात मॅकवाल्यापुढे चार रस्ते होते. एप्रिल २००६ मध्ये ॲपलने बूट कॅम्प दिला. यात आभास मुळीच नाही. यंत्र सुरू करताना मॅक किंवा विंडोज यांपैकी एक निवडावयाचे. वेग पुरता मिळे, पण दोन्ही कामे एकदम होत नसत. जून २००६ मध्ये पॅरलल्स डेस्कटॉप आला, ऑगस्ट २००७ मध्ये व्हीएमवेअरचा फ्यूजन. दोन्ही विकतचे, आणि दोघांनीही विंडोजचे प्रोग्राम मॅकच्या पडद्यावर सुटे दाखविण्याची सोय केली. चौथा व्हर्च्युअलबॉक्स. इनोटेक या जर्मन कंपनीने २००७ च्या जानेवारीत त्याचा मूळ भाग मुक्त परवान्याखाली खुला केला. या चौघांच्या कडेने क्रॉसओव्हरचा पाचवा रस्ता होता. १९९३ पासून चालत आलेल्या वाइन प्रकल्पावर तो उभा आहे. तो विंडोजला घरात घेतच नाही. विंडोजच्या प्रोग्रामाने मागितलेली सेवा मॅककडून करून देतो. विंडोजचा परवाना त्याला लागत नाही, परंतु हरेक प्रोग्राम त्यावर चालेलच असे नाही.

त्या काळात निवड सोपी होती. खेळ आणि भारी चित्रकामासाठी बूट कॅम्प, रोजच्या कचेरीसाठी पॅरलल्स किंवा फ्यूजन, आणि खिशात पैसे नसतील तर व्हर्च्युअलबॉक्स. आमचीही निवड याच रिवाजाने झाली. कोणता प्रोग्राम होता ते सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हता.

कामगार चळवळीतला माणूस म्हणून मला या पर्वात आणखी एक गोष्ट दिसते. हे प्रोग्राम एका धन्याकडून दुसऱ्या धन्याकडे जात राहिले. व्हर्च्युअलबॉक्स २००८ साली सन कंपनीकडे गेला आणि २०१० साली सनबरोबर ओरॅकलकडे. पॅरलल्स २०१८ च्या अखेरीस कोरेलने घेतला. व्हीएमवेअर आधी ईएमसीच्या, मग २०१६ साली डेलच्या छत्राखाली आली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती विकत घेतली. जानेवारी २०१६ मध्ये व्हीएमवेअरने सुमारे ८०० जागा कमी करण्याचे ठरविले, तेव्हा फ्यूजन घडविणाऱ्या अमेरिकेतल्या गटालाही घरी बसविल्याची बातमी आली. मे २०२४ मध्ये ब्रॉडकॉमने फ्यूजन खासगी वापरासाठी फुकट केला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सर्वांसाठी. गिऱ्हाइकाला फुकट मिळाले म्हणजे आनंदच आहे. पण जी वस्तू धनी फुकट देतो, ती तो उद्याही नीट राखील की नाही, हा प्रश्न त्या आनंदाच्या पोटातच असतो. वस्तू विकत घेताना आपण किंमत पाहतो. ती घडविणारे हात कामावर आहेत की नाहीत, हे कोणी पाहत नाही.

२०२० साली जमीन दुसऱ्यांदा पालटली. जूनमध्ये ॲपलने स्वतःचा, आर्म घराण्याचा प्रोसेसर आणणार असल्याचे जाहीर केले आणि नोव्हेंबरात एम-१ प्रोसेसरचे मॅक निघाले. घराची भाषा पुन्हा बदलली. बूट कॅम्प या नव्या मॅकवर नाहीच. इंटेल विंडोजचे आभासी यंत्र त्यावर थेट चालत नाही.

आणि नेमक्या २०२१ साली आमच्या कचेरीतला जुना मॅक बंद पडला. वर्गणी काढून नवा घेतला. जुन्या डिस्कवरची आभासी यंत्राची फाइल सहीसलामत मिळाली होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. नव्या यंत्रावर ती नकलून घेतली, आणि ती उघडेना. नऊ वर्षांपूर्वी बसविणाऱ्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "काका, फाइल शाबूत आहे. पण ती ज्या जातीच्या मशीनसाठी आहे, त्या जातीचं हे मशीन नाही."

त्या वेळी बंद पडलेल्या एका कारखान्यातल्या कामगारांच्या ग्रॅच्युइटीचे प्रकरण चालू होते. १९७२ च्या कायद्याने महिन्याच्या पगाराला २६ ने भागून येणारी रोजी धरावयाची आणि नोकरीच्या दर वर्षाला १५ दिवसांचे पैसे द्यावयाचे. म्हणजे कामावर लागल्याची तारीख हीच सारी पुंजी. पॅकिंग खात्यातली एक बाई १९८९ साली लागली होती. मालकाच्या कागदावर १९९४ लिहिलेले. पाच वर्षे, म्हणजे ७५ दिवसांची मजुरी. तिची जुनी पावती हरवली होती आणि तारखेची नोंद आमच्या वहीत होती. सुनावणीला आठ दिवस उरले होते. ती कचेरीत आली, बंद चौकटीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "भाऊ, माझी पाच वर्षं मशीनमध्ये अडकली का हो?"

मी तीस वर्षे व्यवस्थापनाला उत्तरे दिली आहेत. तिला उत्तर सुचले नाही.

शेवटी एका छपाईवाल्याकडे जुना इंटेल मॅक सापडला. त्यावर तोच प्रोग्राम बसविला, फाइल उघडली, आणि तीन माणसांनी दोन रात्री बसून सारी नोंदवही पानोपान छापून घेतली. नंतर ती युनिकोडमध्ये फिरविली. सुनावणीला तारीख हजर झाली आणि बाईची पाच वर्षे मान्य झाली. परंतु तो योगायोग होता. छपाईवाल्याने तो मॅक महिन्याभरापूर्वी मोडीत काढला असता तर? दोष कोणत्याही कंपनीचा नव्हता. वही भाड्याच्या खोलीत ठेवून किल्लीची नक्कल न करणारे आम्हीच होतो.

आता आजची निवड पाहू. एम जातीच्या मॅकवर आर्म प्रोसेसरसाठीचे विंडोज ११ चालते, आणि इंटेलसाठी लिहिलेल्या जुन्या प्रोग्रामांचे भाषांतर ते विंडोज स्वतःच करते. म्हणजे दुभाष्या परत आला, फक्त तो आता पोटभाडेकरूच्या पदरी आहे. बहुतेक कचेरीचे प्रोग्राम त्यामुळे चालतात. परंतु यंत्राच्या गाभ्याशी बोलणारे ड्रायव्हर त्याला भाषांतरित करता येत नाहीत. जुन्या मराठी अक्षरजुळणीच्या प्रोग्रामाला यूएसबीतले कुलूप असेल आणि त्याचा ड्रायव्हर आर्मसाठी नसेल, तर तो प्रोग्राम उघडणार नाही. हे पैसे देण्यापूर्वी तपासावे.

पॅरलल्सने एप्रिल २०२१ मध्येच एम-१ चा आधार दिला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यावर आर्म विंडोज ११ चालविण्यास अधिकृत मान्यता दिली. सोय आणि वेग यांत तो पुढे आहे, पण त्याचा खर्च होत राहतो. फ्यूजन नोव्हेंबर २०२२ मध्ये या मॅकवर आला. आता त्याला मोल नाही. व्हर्च्युअलबॉक्सला आर्म मॅकवरचा पक्का आधार सप्टेंबर २०२४ मध्ये आला. त्याचा मूळ भाग मुक्त असला तरी जोडपुरवणीचा परवाना वेगळा आहे, हे संस्थांनी वाचून घ्यावे. यूटीएम हा मुक्त प्रोग्राम क्यूएमू या २००३ पासूनच्या प्रकल्पावर उभा आहे. तो इंटेलचे आभासी यंत्रही दुभाष्याच्या रीतीने चालवितो. गती गोगलगाईची, पण जुनी वही एकदा उघडून घेण्यास तीही पुरते. यांपैकी काहीही घेतले तरी विंडोजचा परवाना वेगळा लागतो. शिवाय २०१४ पासून ॲपलने हायपरवायझरचा पाया स्वतःच मॅकमध्ये घातला आहे. आजचे हे प्रोग्राम बव्हंशी त्या एकाच पायावर उभे असल्याने त्यांच्या वेगातले अंतर पूर्वीइतके राहिलेले नाही.

मग निवडावे कसे? वेग आणि किंमत अवश्य पाहावी, परंतु त्याआधी तीन प्रश्न विचारावेत. पहिला, माझा प्रोग्राम आर्म विंडोजवर खरोखर चालतो काय? दुसरा, हा प्रोग्राम बंद पडला किंवा धनी बदलला, तर माझे आभासी यंत्र दुसरीकडे नेता येईल काय? व्हीएमवेअर व व्हर्च्युअलबॉक्स यांना ओव्हीएफ या सामाईक नमुन्यात यंत्र बाहेर काढता येते. हा गुण जाहिरातीत खालच्या ओळीत असतो, पण तो वरच्या ओळीचा आहे. आणि तिसरा, चौकटीच्या आत असलेला माझा मजकूर चौकटीबाहेर, साध्या उघड्या रूपात आणि कागदावर, दुसरीकडे आहे काय? तिसऱ्याचे उत्तर 'होय' असेल, तर पहिल्या दोहोंत चुकलात तरी निभावेल. ते 'नाही' असेल, तर सर्वांत महाग प्रोग्रामही तुम्हाला वाचविणार नाही.

घर दुसऱ्याचे, पाया तिसऱ्याचा, आणि आपण पोटभाडेकरू. तेथे राहण्यात कमीपणा नाही. गरजेपोटी माणसे राहतातच. पण पोटभाडेकरूने आपली ट्रंक उचलता येईल इतपत हलकी ठेवावी. आमच्या कचेरीत आज फ्यूजन आहे, उद्या कदाचित दुसरे काही असेल. नोंदवही मात्र आता युनिकोडमध्ये आहे, आणि तिची छापील प्रत लोखंडी कपाटात आहे. दर वर्षी ३१ मार्चला आम्ही ती नव्याने छापतो. गेल्या वर्षी पाने जुळवावयास तीच पॅकिंगमधली बाई आली होती.